देवमाशाच्या हाडाच्या वस्तू: चित्रातल्या माणसाच्या हातात नेमकं काय द्यायचं?

सागरगोटा

नमस्कार मंडळी. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. सध्याच्या पुस्तकात दोन पानं भरून एक चित्र हवंय: फार जुन्या काळातली समुद्रकाठची वस्ती, आणि देवमाशाच्या हाडापासून वस्तू बनवणारी माणसं. लेखकाने मजकुरात एकच वाक्य दिलंय, "ते लोक देवमाशाच्या हाडांपासून भांडी, फण्या आणि हत्यारं करत." करत म्हणजे कसे करत, ते माझ्यावर सोडलंय.

डोळ्यासमोर मी स्कॉटलंडच्या उत्तरेकडची ऑर्कनी बेटं आणि तिथलं स्कारा ब्रे हे दगडी घरांचं गाव धरलंय, इ.स.पू. ३१८० ते २५०० च्या सुमाराचं. संग्रहालयांचे फोटो भरपूर मिळाले. पण काचेमागे वस्तू तयार होऊन बसलेल्या असतात. ती घडताना कोणी दाखवत नाही, आणि मला नेमकं तेच काढायचंय.

अडलंय ते असं. धातू नाही, मग माणसाहून लांब जबडा कापायचा कशाने? हे हाड फार तेलकट असतं म्हणे, मग त्याच्या भांड्याला वास नाही का मारणार? आणि माणसं होडीतून भाला फेकताना दाखवू की वाळूवर आलेला मेलेला देवमासा दाखवू? संपादकांना भाला आवडणार हे उघड आहे. पण पोरं चित्रावर विश्वास ठेवतात, त्यामुळे मला थापा मारायच्या नाहीत.

फिरस्ता

वाळूवरचाच दाखवा. पुरावा हवा असेल तर ऑर्कनीपर्यंत जायलाही नको. अलेक्झांडरचं आरमार इ.स.पू. ३२५ मध्ये सिंधूच्या मुखाकडून इराणच्या आखाताकडे निघालं, तेव्हा त्याचा आरमारप्रमुख निआर्कस मकरानच्या किनाऱ्याने गेला. त्याचा मूळ वृत्तांत हरवला, पण अरायन आणि स्ट्रॅबो या नंतरच्या ग्रीक लेखकांच्या लिखाणात तो उतरला आहे. त्या उजाड किनाऱ्यावरच्या लोकांना ग्रीकांनी 'मासेखाऊ' असंच नाव देऊन टाकलं. त्यांच्यातले जे जरा बऱ्या स्थितीतले, ते समुद्राने बाहेर टाकलेली मोठी हाडं गोळा करून घर बांधत: बरगड्यांचे वासे, जबड्याच्या हाडांची दाराची चौकट. गरिबाच्या झोपडीला साध्या माशांचे काटे.

मला आवडलेला तपशील स्ट्रॅबोकडे आहे. देवमाशाचा मणका ते उखळ म्हणून वापरत आणि त्यात उन्हात भाजलेले मासे कुटत.

गंमत अशी की याच प्रवासात जिवंत देवमाशांचे फवारे पाहून निआर्कसच्या वल्हेकऱ्यांच्या हातातली वल्ही गळाली होती. मग त्याने गलबतांची तोंडं त्यांच्याकडे वळवायला लावली आणि रणशिंगं फुंकत, आरोळ्या ठोकत ताफा पुढे काढला. जे जनावर बघून सैनिकांची बोबडी वळली, त्याच्याच मणक्यात किनाऱ्यावरची बाई मासे कुटत होती.

हाडवैद्य

सागरगोटाताई, जनावरांची शरीररचना शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर हाडावर कोरीवकाम करण्याचा नाद लागला. देवमाशाच्या हाडाला मी हत्यार लावलेलं नाही, लावणारही नाही. माझं काम म्हशीच्या नळीच्या हाडावर चालतं. पण देवमाशाचे सांगाडे जवळून पाहिलेत आणि हाड ही चीज कशी वागते ते हाताला माहीत आहे. उत्तर लांबेल, सोसून घ्या.

पहिली गोष्ट, देवमाशाचं हाड हा एकच माल नसतो. गाई-म्हशीच्या पायाचं हाड म्हणजे जाड भिंतीची नळी, आत पोकळी, त्यात मगज. त्या नळीची भिंतच कारागिराला हवी असते. देवमाशाचं सगळं वजन पाणी उचलतं, त्यामुळे त्याच्या हाडांत अशी नळीच नाही. बाहेर घट्ट हाडाचं कवच, तेही बऱ्याच ठिकाणी पातळ, आणि आत सगळी बारीक छिद्रांची जाळी. त्या जाळीत तेल. म्हणून भलंमोठं हाड हाती आलं तरी त्यातला टणक, कोरण्याजोगा भाग मोजक्याच जागी मिळतो. खालचा जबडा पहिला. मग बरगडीचा बाहेरचा भाग. कानाचं हाड सगळ्यांत घट्ट, पण लहान आणि वेडंवाकडं. मणके म्हणजे जवळपास नुसती जाळी. खांद्याचं हाड रुंद, चपटं, आयतं ताट.

आता वस्तू बघा. धारदार, लांब, ताण सोसणारं काही हवं, तर जबडा. वाकलेला, लांब आधार हवा, तर बरगडी. भांडं हवं, तर मणका: त्याची जाळी खरवडून काढली की कवचाची भिंत उरते. म्हणजे माणसं आधी वस्तू ठरवून मग हाड शोधत होती आणि हाड बघून वस्तूही ठरवत होती, दोन्ही. तुमच्या चित्रात एकाच गोलमटोल 'हाडातून' सगळं निघताना दाखवू नका. मी पाहिलेल्या बहुतेक चित्रांत ते कार्टूनमधल्या कुत्र्याच्या तोंडचं हाड असतं आणि माझा संताप होतो.

देवमाशांतही फरक आहे. राइट, बोहेड, ब्लू, फिन हे दात नसलेले देवमासे. त्यांच्या खालच्या जबड्याच्या दोन फाकी कमानीसारख्या बाहेर वाकलेल्या असतात. स्पर्म व्हेलला दात असतात. त्याच्या दोन्ही फाकी पुढच्या लांब भागात एकमेकींना जुळून सरळ दांडा होतो आणि ते हाड विलक्षण घट्ट असतं. न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी हातात धरून मारायची चपटी हत्यारं, पातू पाराओआ, याच हाडाची केली. त्यांच्या भाषेत पाराओआ म्हणजे स्पर्म व्हेल. कमान घराला, दांडा हत्याराला, अशी ढोबळ वाटणी धरायला हरकत नाही.

आता कापण्याचं. ताई, आडवं कापताना दाखवूच नका. हाडाला लाकडासारखी उभी रेष असते. रेषेच्या बाजूने गेलात तर ते साथ देतं, आडवे गेलात तर जीव काढतं. म्हणून पद्धत अशी: गारगोटीच्या टोकदार तुकड्याने हाडाच्या लांबीवर एक खाच ओढायची. पुन्हा त्याच खाचेतून, पुन्हा, पुन्हा. बोटभर अंतरावर तशीच दुसरी खाच. दोन्ही खाचा घट्ट थर ओलांडून जाळीपर्यंत पोचल्या की मधल्या पट्टीखाली पाचर घालून ठोकायचं. पट्टी सुटून येते. पुढे ती दगडावर घासायची. ही पद्धत हाडासाठी, शिंगासाठी हिमयुगातल्या युरोपपासून चालत आलेली आहे.

पट्टी सुटल्यावर मागच्या बाजूला जाळी चिकटलेली असते. ती घासून काढतात, पण बऱ्याच वस्तूंवर थोडी राहतेच. संग्रहालयातल्या फोटोत वस्तूच्या पाठीवर सुईने टोचल्यासारखी छिद्रं दिसली, तर ती हीच खूण. गाईच्या हाडात इतक्या मोठ्या सलग तुकड्यावर अशी छिद्रं दिसत नाहीत.

ऑर्कनीत चांगली गारगोटी दुर्मीळ, किनाऱ्यावर मिळणारे गोटे लहान. मग तिथे काय वापरत? स्कारा ब्रेच्या लोकांचं सगळ्यांत साधं हत्यार म्हणजे समुद्राच्या गोट्यावर दुसरा गोटा आपटून उडवलेली चपटी कपची. पुरातत्त्वात तिला स्केल नाइफ म्हणतात, कारण गाव स्केल खाडीवर आहे. एका बाजूला गोट्याची गुळगुळीत पाठ, दुसऱ्या बाजूला धार. धार गेली की फेकायची, दुसरी काढायची. तुमच्या माणसाभोवती अशा पाच-पंचवीस कपच्या पडलेल्या दाखवा, ते अगदी खरं होईल. शिवाय घासून धार लावलेल्या दगडाचं वाकस, जाडजूड भाग तासायला. घासायला वालुकाश्माच्या लाद्या, त्या तिथे पायलीला पन्नास. आणि प्यूमिस! ज्वालामुखीचा हलका दगड पाण्यावर तरंगत ऑर्कनीच्या किनाऱ्याला लागतो. स्कारा ब्रेत तो सापडलाय. हाडाची टाचणी किंवा टोचा गुळगुळीत करायला उत्तम.

हाड ओलं ठेवावं लागतं हे विसरू नका. कोरडं हाड घासताना धूळ उडते, हत्यार घसरतं, कड फुटते. भिजवलेलं हाड शांतपणे सोलवटतं. माणसाशेजारी पाण्याचं डबकं हवंच.

तेलाबद्दल: तुमची शंका रास्त आहे. अमेरिकेत न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग म्युझियममध्ये एका तरुण ब्लू व्हेलचा सांगाडा २००० सालापासून छताला टांगलाय. साफ करून टांगलेला, तरी त्यातून वर्षानुवर्षं तेल ठिबकतंय. त्यामुळे ताज्या मणक्याची वाटी करणं म्हणजे हाताला तेलाची आंघोळ. यावर उपाय ऊन, पाऊस, वाळू आणि किडामुंगी. हाड किनाऱ्यावर पडून राहिलं की तेल जातं, रंग पिवळसरचा करडा होतो. फार वर्षं पडलं तर त्यातला चिवटपणाही जातो आणि ते पापुद्र्यांनी सुटतं, मग त्याचं टोक टिकत नाही. भांड्याला जुनं हाड चालेल, टोकदार हत्याराला तेवढं जुनं नको.

वासाचं म्हणाल, तर स्कारा ब्रेची घरं जुन्या उकिरड्याच्या ढिगात खोचून बांधलेली होती. भिंतींना ऊब मिळावी म्हणून. वाटीचा वास तिथे कोणाच्या नाकात शिरणार?

शंकासुर

हाडवैद्यबुवा, माहिती झकास. पण 'समुद्राने आणून दिलं, यांनी उचललं' ही सुरुवातीपासूनची कथा मला गुळमुळीत वाटते. एखादी वस्ती शतकानुशतकं एका मालावर संसार चालवते आणि तो माल केवळ योगायोगाने किनाऱ्याला लागतो? कोरियात बांगुदेच्या कातळावर होडीतून देवमाशाची शिकार चालल्याची चित्रं कोरलेली आहेत, काही हजार वर्षांपूर्वीची. उल्सानला देवमाशाच्या हाडात रुतलेलं हाडाचं टोकही सापडलंय. फिरस्तांचा मकरान ठीक, पण एका किनाऱ्यावरून सगळं जग ठरवू नका.

हाडवैद्य

शंकासुरराव, जग मीही ठरवत नाही. प्रश्न जागेनुसार सुटतो, आणि तो सोडवायची एक छान युक्ती आता हातात आहे.

कोरून घासलेल्या वस्तूवरून देवमाशाची जात ओळखणं पूर्वी जवळपास अशक्य होतं, कारण हाडाचा आकारच उरत नाही. आता वस्तूतून चिमूटभर नमुना घेऊन त्यातलं कोलॅजेन हे प्रथिन मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात तपासतात. प्रथिनांच्या तुकड्यांची वजनं जातीप्रमाणे बदलतात, त्यावरून जनावर कळतं. झूएमएस म्हणतात त्याला. आता तर्क बघा. समुद्र जे टाकेल ते उचललं असेल, तर वस्तूंमध्ये सगळ्या जातींची सरमिसळ दिसेल. शिकार असेल, तर जी जात मारायला सोपी तीच पुन्हा पुन्हा दिसेल.

सरमिसळीचं उदाहरण बिस्केच्या उपसागराचं. फ्रान्स आणि उत्तर स्पेनमधल्या गुहांतली हिमयुगाच्या शेवटाकडची हाडाची हत्यारं तपासल्याचा अभ्यास २०२५ मध्ये आला. ८३ हत्यारं आणि सांता कातालिना गुहेतली ९० हाडं. सगळ्यांत जुनी १९ ते २० हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे देवमाशाच्या हाडाच्या हत्यारांचा आजवरचा सर्वांत जुना पुरावा. किमान पाच जाती निघाल्या: स्पर्म, फिन, ब्लू, ग्रे, आणि राइट किंवा बोहेड (या दोघांत ही पद्धत फरक करू शकत नाही). ग्रे व्हेल आज फक्त पॅसिफिकच्या बाजूला उरलाय, त्या काळी बिस्केत फिरत होता. खोल समुद्रातला स्पर्म आणि महाकाय ब्लू, हे त्या लोकांनी होडीतून मारले असं कोणी म्हणत नाही. किनाऱ्याला लागलेले होते. आणि वर मी म्हटलं ते इथे दिसतं: हत्यारं बहुतांशी भाल्याची टोकं, आणि त्यासाठी सर्वांत जास्त वापरलं गेलं ते स्पर्म व्हेलचं हाड. रेनडिअरच्या शिंगातून निघणाऱ्या पट्टीला शिंगाच्या लांबीची आणि बाकाची मर्यादा असते. देवमाशाच्या जबड्यातून सरळ, जाड, लांब टोक निघतं.

या लोकांच्या किनाऱ्यावरच्या वस्त्या मात्र बघायला मिळत नाहीत, कारण तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभराहून जास्त मीटर खाली होती. तो किनारा बुडाला. आत नेलेली हत्यारं तेवढी गुहांत राहिली.

आता तुमच्या बाजूचं. स्वीडनमध्ये सहाव्या शतकाच्या मध्यापासून थडग्यांत पटावरच्या खेळाच्या सोंगट्या सापडतात, देवमाशाच्या हाडाच्या. त्याआधीच्या सोंगट्या शिंगाच्या असत. मग एकाएकी देवमाशाच्या हाडाच्या, एकाच घडणीच्या, शेकड्यांनी. तपासलेल्या निघाल्या राइट व्हेलच्या. राइट व्हेल संथ, किनाऱ्याजवळ फिरणारा, मेल्यावर तरंगणारा. इथे कोणीतरी ठरवून मारत होतं आणि माल दूरवर विकत होतं, हे मान्य.

तिसरं उदाहरण आर्क्टिकचं. इ.स. १००० नंतर अलास्काकडून कॅनडा-ग्रीनलंडकडे पसरलेले थुले लोक तर सरळ बोहेडचे शिकारी. त्यांच्या घरांतली हाडं मोजली, तर बहुतेक लहान वयाच्या देवमाशांची निघतात. आपोआप मरून किनाऱ्याला लागलेल्यांत वयाची अशी निवड दिसत नाही. ती निवड हार्पूनवाल्याची, म्हणजे दोरी बांधलेला भाला फेकणाऱ्या शिकाऱ्याची.

त्या घरांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण रोजच्या वस्तूंची यादी करताना लोक घर विसरतात. झाड नावाला नाही असा प्रदेश. जमिनीत खड्डा, तळाला दगडी फरशी, मागे झोपायचा ओटा. आत यायचा बोगदा घरापेक्षा खालच्या पातळीवर, म्हणजे थंड हवा बोगद्यातच थांबते. छपराला बोहेडच्या जबड्यांच्या कमानी आणि बरगड्या, त्यावर कातडी, त्यावर गवताळ मातीचे थर. आणि तो मातीचा थर जमिनीतून काढायची कुदळही देवमाशाच्या हाडाची, लाकडी दांड्याला वादीने बांधलेली. बर्फाचे ठोकळे कापायचा सुरा हाडाचा. बर्फगाडीच्या तळपट्ट्या हाडाच्या. घर सोडून गेले, की पुढचे येऊन त्याचेच वासे उपसून नेत. इतका तो माल मोलाचा.

हे लोक हाड तोडायला सुताराचा सामता असतो तशी कमानीवर फिरणारी गिरमिट वापरत. ओळीने भोकं पाडायची आणि त्या ओळीवर फोडायचं. ग्रीनलंडच्या केप यॉर्कजवळ पडलेल्या उल्केचं लोखंड ठोकून केलेली पातीही त्यांच्याकडे होती. तेव्हा 'धातू नाही' हेही सगळीकडे खरं नाही. पण ताई, तुमच्या स्कारा ब्रेत नाही. तिथे ना गिरमिटीची ओळ दाखवा, ना लोखंड. आणि देवमासा वाळूवरच.

धागादोरा

मी हातमागावर विणते, म्हणून फक्त फणीवर बोलते. लेखकाच्या वाक्यातली 'फणी' तुमच्या चित्रात बसत नाही हो.

देवमाशाच्या हाडाच्या ज्या फण्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील, लांब दांडा आणि टोकाला आखूड दात, त्या स्कॉटलंडच्या लोहयुगातल्या. म्हणजे ढोबळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या, ब्रॉख नावाच्या गोल दगडी बुरुजांच्या काळातल्या. स्कारा ब्रे त्याआधी हजारो वर्षं ओस पडलेलं. तीच गोष्ट मागाच्या तलवारीची. उत्तर नॉर्वेत व्हायकिंग बायकांच्या थडग्यांत देवमाशाच्या हाडाची विणकामाची तलवार मिळते. त्यांचा माग उभा, ताण्याला खाली दगड बांधलेले, त्यामुळे बाणा वर ठोकावा लागतो. त्याला लांब, वजनदार आणि गुळगुळीत पातं हवं. माझ्याकडे लाकडाचं आहे. लाकडाची एखादी काडी सुटली की धागा अडकून तुटतो आणि मग तोंडातून जे निघतं ते इथे लिहिता येणार नाही. घासलेल्या हाडाला काडी सुटत नाही, वजनही भरपूर. मला मिळालं असतं तर मी तेच घेतलं असतं.

व्हायकिंगांचा आणखी एक प्रकार म्हणजे हाडाची सपाट पाटी. ऑर्कनीतल्याच सँडे बेटावर स्कार इथे होडीत पुरलेली तीन माणसं मिळाली: म्हातारी बाई, तिशीतला पुरुष, एक मूल. समुद्र किनारा खात होता, म्हणून १९९१ मध्ये घाईने खोदकाम झालं. त्या बाईसोबत देवमाशाच्या हाडाची पाटी होती, वरच्या बाजूला दोन ड्रॅगनची डोकी समोरासमोर. अशा पाट्यांवर लिननचं कापड पसरून काचेच्या गोळ्याने घोटत असावेत, असा बऱ्याच अभ्यासकांचा अंदाज. लिनन धुतल्यावर किती चुरगळतं ते ज्याने नेसलंय त्याला माहीत.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरही कापडाचंच काम. माका या तिथल्या मूळ रहिवाशांचं ओझेट गाव सुमारे १७०० मध्ये चिखलाच्या लोंढ्याखाली गाडलं गेलं, १९७० पासून अकरा वर्षं तिथे उत्खनन चाललं. पंचावन्न हजारांवर वस्तू निघाल्या. देवदाराची साल ठोकून, पिंजून मऊ करायची देवमाशाच्या हाडाची ठोकणी त्या लोकांकडे असे. मऊ झालेल्या सालीची वस्त्रं होत. शिवाय सांडपाणी वळवायला आणि घसरती माती थोपवायला त्यांनी देवमाशाची हाडं ओळीने रचली होती. गटार बांधायला देवमासा, हे मला फारच आवडलं.

सागरगोटा

अरे बापरे. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. धागादोराताई, फणीबद्दल लेखकाशी बोलावं लागणार.

हाडवैद्यकाका, मणक्याच्या भांड्याचं अजून नीट समजलं नाही. मणका म्हणजे माझ्या डोक्यात बाजूला पंख फुटलेलं काहीतरी आहे. त्याचं भांडं होताना पहिली पायरी, मधली पायरी कशी दिसेल? आणि त्यात पाणी राहील का? मागे एक लहान मूल बसवायचंय, त्याच्या हातात काय देऊ?

हाडवैद्य

पंख बरोबर. मणक्याला बाजूचे दोन आणि वरचा एक असे काटे असतात. ते आधी दगडाने ठोकून तोडायचे. मग उरतो तो ढोलाच्या आकाराचा ठोकळा, तेच आपलं भांडं. ठोकळ्याच्या दोन्ही तोंडांवर एकेक चपटी चकती असते. वयात आलेल्या देवमाशात ती मणक्याला जुळून जाते, कोवळ्या देवमाशात सुटी असते आणि मास कुजलं की आपणहून निघते. चकती निघाली की आतली जाळी उघडी. कपचीने खरवडा, भुसा पडत राहतो. बाजूची भिंत आणि तळ राखायचा.

त्या सुट्या चकत्या वाया जात नसत. जपानच्या क्युशू बेटावर जोमोन काळातल्या, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या, काही मडक्यांच्या बुडाला या चकतीचे ठसे उमटलेत. कुंभारकाम करणारी व्यक्ती चकतीवर मातीचा गोळा ठेवून, चकती फिरवत मडकं घडवत होती. हाड गेलं, मडक्याच्या बुडावर त्याची रेघारेघांची छाप राहिली. हे तुमच्या चित्रात नको, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

पाणी ठेवायला हे भांडं कामाचं नाही, भिंत झिरपते. कोरड्या किंवा घट्ट वस्तूंसाठी ठीक. स्कारा ब्रेत अशा हाडी भांड्यांत रंगद्रव्याचे अंश मिळालेत. लाल गेरू दाखवा, चित्रालाही रंग येईल. ऑर्कनीतच, पण पुष्कळ नंतर, दुसऱ्या शतकात, द केअर्न्स नावाच्या ठिकाणी ब्रॉख बंद करताना फिन व्हेलच्या मणक्याचं भांडं बाहेर ठेवलं गेलं. त्यात म्हाताऱ्या माणसाचा जबडा आणि दोन नवजात कोकरं. मुलांच्या पुस्तकात हे घालू नका, संपादकांना झोप लागणार नाही.

मुलाच्या हातात 'बडो' द्या. स्कारा ब्रेचीच छोटी मूर्ती, देवमाशाच्या हाडाची, साडेनऊ सेंटिमीटर उंच. डोळे, तोंड आणि चक्क बेंबी कोरलेली. १८६० च्या दशकात खोदकामात निघाली, मग नजरेआड गेली आणि २०१६ मध्ये ऑर्कनीतल्याच स्ट्रॉमनेस गावच्या संग्रहालयात एका खोक्यात पुन्हा सापडली. फोटो सहज मिळेल. लहान मुलाच्या मुठीत बरोबर मावेल.

रंग: नुकतं साफ झालेलं हाड लोण्यासारखं नको, किंचित पिवळट तेलकट दाखवा. किनाऱ्यावर पडलेलं करडं. फोटोतल्या वस्तू तपकिरी दिसतात तो मातीत पुरल्याचा रंग आहे, माणसाच्या हातातल्या ताज्या वस्तूला तो देऊ नका.

शंकासुर

भाला नाही ते नाही. निदान लांब समुद्रात एखादा फवारा तरी काढा.

सागरगोटा

फवारा काढते, शंकासुरजी. आजच लेखकाशी बोलले. फणी गेली, तिच्या जागी टोचा आणि टाचण्या आल्या. संपादकांचा भाल्याचा हट्टही सुटला, पण त्याबदल्यात वाळूवरचा देवमासा पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हवाय. म्हणजे मधल्या शिवणीत नेमकं काय येतं ते बघून जबडा सरकवावा लागणार. कच्चं चित्र झालं की इथे टाकते, पंख तोडलेला मणका मात्र काका तुम्ही तपासून द्या.